हाक आणि वचन

उत्तनला होडी कधी परतेल, याचा नेम नाही. कोळीण किनाऱ्यावर खोळंबत नाही. "होडी आली की हाक मार," सांगून कामाला लागते. मग बोंबील धुवायचे, मग बांबूच्या वलांडीवर टाकायचे. हा क्रम चुकून चालत नाही.

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी रचलेली जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा अशीच चालते. पण हाकेत हाक गुंतत गेली. होडी आलीच नाही तर कळवायचे कोणी, हे पायरीपायरीला सांगावे लागे. विसरले की चूक मुकाट बुडे.

बार्बरा लिस्कोव व ल्युबा श्रीरा यांनी १९८८ मध्येच 'प्रॉमिस', म्हणजे वचन, ही कल्पना मांडली होती. २०१५ साली या भाषेच्या प्रमाणग्रंथात वचन आले. पाळले तर पुढचे काम. मोडले तर वार्ता साखळीच्या शेवटापर्यंत जाते. २०१७ साली 'अवेट' आला, आणि क्रम सरळ ओळीने लिहिता येऊ लागला. मात्र शेवटी वार्ता ऐकणारा कोणी हवाच!