दापोलीची अँग्लिकन मंडळी

रत्नागिरी जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांचा विचार करताना अभ्यासक बहुधा दोनच मापे वापरतात : धर्मांतरितांची संख्या आणि मिशन शाळांतून निघालेल्या थोरांची नामावली. दापोलीच्या बाबतीत ही दोन्ही अपुरी पडतात.

१८१८ नंतर येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती. ‘काप दापोली’ हे नाव तिचीच आठवण होय. छावणी उठल्यावर तिच्याबरोबर गोऱ्या सैनिकांची उपासनाही गेली. पुढे एस. पी. जी. मिशनच्या शाळेत पां. वा. काणे व साने गुरुजी शिकले. दोघेही हिंदूच राहिले. म्हणजे पहिल्या मापाने शाळा निष्फळ ठरते, दुसऱ्याने सफल. मंडळी मात्र दोन्हींतून निसटते.

तिचे अंतरंग शोधावयाचे तर उपासनेकडेच वळले पाहिजे. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकातील सार्वजनिक पापांगीकार ‘मी’च्या नव्हे, ‘आम्ही’च्या मुखाने होतो. त्या पुस्तकाचे मराठी भाषांतर झाले आणि मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधील उपासनाक्रमच कोकणातील मूठभर माणसांनाही स्वभाषेत लाभला. लहान मंडळीस एकाकीपणा जाणवू न देणारी ही व्यवस्था होय.

१८२३ पासून याच किनाऱ्यावर, हर्णै-बाणकोटास, बिशपपद न मानणारे स्कॉटिश मिशनरी आले होते. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात या दोन्ही परंपरा एकत्र आल्या व बिशपपद कायम राहिले. तेव्हा बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या केवळ आकड्यांसाठी चाळू नयेत. एकत्र प्रार्थना करणाऱ्या कुटुंबांचा इतिहास म्हणून त्या वाचाव्यात.