फायदे, तोटे आणि साताऱ्याचा रेसिडेंट

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी पडले कॉम्प्युटरवाली. पण नववीतला इतिहासाचा तास आठवला. ‘इंग्रजी राजवटीचे परिणाम’ या प्रश्नाला बाई फळ्यावर दोन रकाने आखत. डावीकडे फायदे, म्हणजे रेल्वे, तार, शिक्षण. उजवीकडे तोटे. दोन्हीकडे चार-चार मुद्दे लिहिले की गुण नक्की! बाई, तुमचे ते दोन रकाने एका माणसापाशी मात्र मला कधी जमले नाहीत. तो माणूस आपल्या साताऱ्यात राहून गेलेला, म्हणून हा लेख.

त्याचे नाव सर बार्टल फ्रिअर. १८४७ मध्ये तो साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट म्हणून आला. पुढच्याच वर्षी छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीने तो दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, एवढे आपण सर्वांनी पाठ केले होते. पुस्तकात नव्हते ते असे, की दत्तकाचा हक्क मानला पाहिजे, असे मत खुद्द इंग्रजांच्या रेसिडेंटने दिले होते. ते फेटाळले गेले. मग खालसा झालेल्या साताऱ्याचा कारभार कोणी पाहिला? त्याच फ्रिअरने, आणि तोही नेटकेपणाने.

पुढे तो सिंधचा कमिशनर झाला. तिथे त्याने सरकारी कामात फारसीऐवजी सिंधी आणली आणि १८५२ मध्ये आशियातले पहिले चिकटवायचे पोस्टाचे तिकीट काढले. १८६२ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस बंद पडला होता आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. फ्रिअरने मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या आणि शहराला मोकळे केले. जुने चर्चगेट गेले, नाव तेवढे स्टेशनला उरले. त्या जागी उभ्या राहिलेल्या फ्लोरा फाउंटनला खरे तर फ्रिअरचेच नाव द्यायचे होते. आज तो चौक संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या नावाने ओळखला जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या इमारतीची कोनशिला १८६४ मध्ये त्यानेच बसवली. पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या शाळेचे कॉलेजही त्याच्याच कारकिर्दीत झाले. म्हणजे माझ्यासारखीच्या पदवीचा एक धागा त्याच्यापर्यंत जातो.

हा झाला डावा रकाना. पण ज्या कापसाच्या पैशावर हे सगळे उभे राहिले, त्याच पैशाने मुंबईत सट्ट्याचे वेड पसरवले. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेकडो घरे बसली. बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. सरकारचे त्या बँकेत भाग होते, तरी फ्रिअरने वेळीच लक्ष घातले नाही, असा ठपका त्याच्यावर आला. आता हा मुद्दा कुठल्या रकान्यात लिहायचा?

सर्वात अवघड भाग पुढे आहे. आफ्रिकेतील गुलामांचा व्यापार थांबवण्यासाठी त्याला झांझिबारला पाठवले होते आणि १८७३ मध्ये तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. १८७७ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर झाला. तिथली राज्ये इंग्रजी छत्राखाली एक करायची, हे त्याचे काम. शेजारचे झुलूंचे स्वतंत्र राज्य त्याला अडसर वाटले. लंडनच्या मंत्रिमंडळाला तेव्हा युद्ध नको होते. पण तार केपपर्यंत पोचलेली नव्हती, पत्राला आठवडे लागत. डिसेंबर १८७८ मध्ये त्याने राजा सेत्श्वायोला ३० दिवसांची मुदत देऊन सैन्यव्यवस्था मोडायला सांगितले. कुठलाही राजा ते मान्य करणे शक्य नव्हते. २२ जानेवारी १८७९ला इसांडल्वाना येथे इंग्रजांच्या बाजूचे १३००हून अधिक लोक मारले गेले, झुलूही हजाराच्या घरात पडले. अखेर झुलू राज्य हरले आणि त्याचे १३ तुकडे झाले. १८८०मध्ये फ्रिअरला परत बोलावले. लंडनमध्ये थेम्सकाठी त्याचा पुतळा आहे. झुलूंच्या इतिहासात मात्र तो युद्ध लादणारा माणूस आहे.

साताऱ्यात त्याचे म्हणणे बरोबर होते, तिथे त्याने वरच्यांचे ऐकले. झुलूंच्या बाबतीत तो चुकला, तिथे त्याने वरच्यांचे ऐकले नाही. दोन्हीकडे ज्यांचे राज्य जाणार होते, त्यांना विचारायचे कोणाच्या मनातही आले नाही.

हे वाचताना मला माझीच एक गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या कामात एक जुनी यंत्रणा बंद करायची ठरली. ती चालवणाऱ्या पंधरा-वीस जणांचे काय, असा मी लेखी विरोध केला. तो मानला गेला नाही आणि बंद करायचे काम माझ्याकडेच आले. मी ते वेळेत, चोख केले. शाबासकीही मिळाली. त्या माणसांशी मात्र मी एकदाही बोलले नाही. विरोध नोंदवला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे तेव्हा वाटले होते. आता तसे वाटत नाही.

बाई, आज तुम्ही तो प्रश्न पुन्हा घातलात तर मी दोन रकाने आखीन, पण मुद्द्यांपुढे ‘कोणाला?’ असा तिसराही आखीन. गुण कापायचे की द्यायचे, ते मेळाव्यात भेटल्यावर ठरवा.