पांढुर्णा-सौंसर : नागपुरात कोणते कार्ड चालते, शाळेचे जेवण किती रुपयांत होते?

पांढुर्णा आणि सौंसर हे भाग २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळे निघून पांढुर्णा जिल्हा झाला. इथली बोली मराठी, बाजार नागपूरचा आणि मोठा दवाखानाही नागपूरचाच. मात्र उपचार आणि शाळेतले जेवण यांचा पैसा भोपाळमार्गे येतो. त्यामुळे सीमेपलीकडे काय चालते आणि काय नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

आयुष्मान कार्ड
या कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. मध्य प्रदेशात काढलेले कार्ड नागपुरातही चालते, पण योजनेत असलेल्या रुग्णालयातच आणि रुग्ण भरती झाल्यावरच. नुसते ओपीडीत दाखवून, तपासण्या करून घरी परतले, तर तो खर्च खिशातून. भरतीआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस यांतला तपासणी-औषधांचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो. गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाचा राहण्या-जेवणाचा खर्च त्यात नाही. ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून कार्ड मिळते. निघण्याआधी १४५५५ वर फोन करून रुग्णालय यादीत आहे का आणि त्या आजाराचा उपचार तिथे योजनेतून होतो का, हे विचारून घ्यावे.

महात्मा फुले योजना
ही महाराष्ट्राच्या रहिवाशांची योजना आहे. सौंसरचे रेशनकार्ड तिथे कामाचे नाही. कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने २०२३ मध्ये या योजनेत घेण्याचे ठरवले, कारण त्या गावांवर राज्याचा दावा आहे. पांढुर्णा-सौंसरवर तसा दावा नाही. म्हणून मराठी असूनही इथल्या लोकांचा भरवसा आयुष्मानवरच.

शाळेतले मध्यान्ह भोजन
पीएम पोषण योजनेत धान्य केंद्राकडून मोफत येते. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५ पासूनचा दर प्राथमिकला मुलामागे रोज ६.७८ रुपये आणि माध्यमिकला, म्हणजे सहावी ते आठवीला, १०.१७ रुपये आहे. यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के. प्राथमिकच्या एका ताटात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असावे, असा नियम आहे.

हिशेब सोपा आहे. ४० मुले हजर असतील तर दिवसाचे २७१ रुपये २० पैसे होतात. त्यात ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी आणि २०० ग्रॅम तेल घेऊन मसाला-इंधनही भागवायचे. २० मुलांच्या शाळेला १३५ रुपये ६० पैसे मिळतात, पण चुलीचा खर्च काही निम्मा होत नाही. बाजारात टमाटे-डाळ महागली तरी दर तोच राहतो. म्हणून लहान गावांतल्या समूहांची ओढाताण जास्त, आणि आधी पातळ होते ती डाळ.

अंड्यांचेही तसेच. महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस शाळेत आठवड्याला अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवला. मध्य प्रदेशच्या शाळांच्या ताटात अंडे नाही. त्यामुळे सीमेच्या या बाजूला मुलांच्या प्रथिनांची भिस्त डाळीवरच आहे. पालकांनी शाळेत गेल्यावर ताटातली डाळ आवर्जून पाहावी.