त्रिकोणाच्या गुणधर्मांची सहनिर्देशक सिद्धता

त्रिकोणाच्या शिरोबिंदूंची स्थाने संख्यांनी दर्शवून त्याचे गुणधर्म बीजगणिताच्या साहाय्याने सिद्ध करण्याची पद्धती. यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांच्या भूमितीत सिद्धता मुख्यतः आकृतीतील एकरूप व समरूप त्रिकोणांवर आधारलेली असते; सहनिर्देशक पद्धतीत तेच कार्य समीकरणे करतात. ही पद्धती सतराव्या शतकात यूरोपात उदयास आली. तथापि भौमितिक विधानाची उपपत्ती आकृतीने द्यावी की राशींनी, हा विचार भारतीय गणितात त्यापूर्वी पाच शतके झालेला होता.

भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी बीजगणित या ग्रंथात उपपत्ती क्षेत्रगत व राशिगत अशी दोन प्रकारची असते, असे नमूद केले आहे. १५ व २० भुजांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण त्यांनी दोन रीतींनी काढला आहे. पहिल्या रीतीत कर्णावर लंब टाकल्यावर पडणारे त्याचे खंड त्रैराशिकाने मिळतात. २२५ व ४०० यांना अज्ञात कर्णाने भागले असता हे खंड येतात. त्यांची बेरीज कर्णाइतकी असल्याने कर्णाचा वर्ग ६२५ व कर्ण २५ ठरतो. दुसऱ्या रीतीत असे चार त्रिकोण मांडून कर्णावरील चौरस तयार होतो. त्यांचे एकूण क्षेत्रफळ ६०० आणि मधल्या ५ बाजूच्या चौरसाचे २५, म्हणून बेरीज पुन्हा ६२५ येते. तेराव्या शतकाच्या आरंभी भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, असे तेथील शिलालेखावरून कळते.

लीलावतीतील एका त्रिकोणाच्या बाजू १३, १४ व १५ आहेत. १४ लांबीच्या पायावर लंब टाकल्यास पायाचे ५ व ९ असे खंड (आबाधा) पडतात, लंब १२ व क्षेत्रफळ ८४ येते. लंबाचा पाद आरंभबिंदू मानल्यास शिरोबिंदूंचे सहनिर्देशक (०, १२), (–५, ०) व (९, ०) असे लिहिता येतात. आबाधा व लंब यांनी त्रिकोण निश्चित होतो, एवढे साम्य येथे स्पष्ट आहे. परंतु प्रतलातील कोणत्याही बिंदूस संख्यांची जोडी आणि रेषेस समीकरण देण्याची कल्पना लीलावतीत नाही. त्यामुळे तिला सहनिर्देशक भूमिती म्हणणे योग्य ठरणार नाही.

ही कल्पना रने देकार्त (१५९६–१६५०) यांनी १६३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथात आणि प्येअर द फेर्मा यांच्या समकालीन लेखनात आढळते. परस्परलंब अक्ष व ऋण सहनिर्देशक यांचे आजचे रूप मात्र पुढे हळूहळू स्थिर झाले. त्रिकोणाच्या बाबतीत या पद्धतीचे सामर्थ्य लेओनार्ट ऑयलर (१७०७–८३) यांच्या १७६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसून आले. शिरोलंबांचा संपातबिंदू, मध्यगांचा संपातबिंदू व परिवर्तुळाचा मध्य हे तीन बिंदू एका रेषेवर असतात, हा गुणधर्म त्यांनी राशींच्या आधारे काढला.

लीलावतीतील त्रिकोणात हे बिंदू अनुक्रमे (०, १५/४), (४/३, ४) व (२, ३३/८) येतात. ते एकरेषीय असून मधला बिंदू उरलेल्या दोहोंमधील अंतराचे २ : १ या प्रमाणात विभाजन करतो. परंतु एका त्रिकोणावरील हा पडताळा म्हणजे सिद्धता नव्हे. त्यासाठी शिरोबिंदू (०, प), (ब, ०) व (म, ०) असे अक्षरांत घ्यावे लागतात. (ब, ०) मधून समोरील बाजूवर काढलेला लंब उभ्या अक्षास (०, –बम/प) येथे छेदतो. या उत्तरात ब व म यांची अदलाबदल केली तरी फरक पडत नाही. म्हणून तिसरा लंबही त्याच बिंदूतून जातो. मध्यगासंपात ((ब + म)/३, प/३) व परिवर्तुळमध्य ((ब + म)/२, (प² + बम)/२प) येतो. परिवर्तुळमध्याच्या सहनिर्देशकांची दुप्पट लंबसंपाताच्या सहनिर्देशकांत मिळवून तिनाने भागले की मध्यगासंपात मिळतो, आणि ऑयलर यांचा निष्कर्ष सर्व त्रिकोणांसाठी सिद्ध होतो.

आकृतीवर आधारलेल्या सिद्धतेत लघुकोन व विशालकोन त्रिकोणांचा अनेकदा स्वतंत्र विचार करावा लागतो. येथे ब व म यांची चिन्हे ते काम आपोआप करतात. मात्र अक्षांच्या निवडीमुळे त्रिकोणावर एखादी जादा अट लादली जाणार नाही, ही दक्षता आवश्यक असते. पाया आडव्या अक्षावर घेणे सर्व त्रिकोणांस लागू पडते. पायाचा मध्यबिंदू हाच लंबाचा पाद मानल्यास मात्र सिद्धता समद्विभुज त्रिकोणापुरतीच उरते. शिवाय समीकरण विधानाची सत्यता दाखवीत असले, तरी त्यामागील भौमितिक कारण पुष्कळदा आकृतीतच अधिक स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इयत्ता दहावीच्या गणित भाग २ या पाठ्यपुस्तकात समरूपता व पायथागोरसचे प्रमेय यांच्यानंतर निर्देशक भूमितीचे प्रकरण आहे. क्षेत्रगत व राशिगत या दोन्ही उपपत्तींचा परिचय विद्यार्थ्यास त्यामुळे एकाच ग्रंथात होतो.