मसी, शाई आणि गावचे दप्तर

लेखनद्रव्यास मराठीत दोन नावे आहेत. 'मसी' हा संस्कृत शब्द पोथीच्या परंपरेतला. 'शाई' हे काळेपणा दर्शविणाऱ्या फारसी 'सियाही'चे रूप असून ते कचेरीतून रूढ झाले. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेविषयी असून त्यात बोरू व हिंगूळ यांबरोबर मसीच्या संग्रहाचाही विचार आहे.

या शाईचे घटक जपानी 'सुमी'शी ताडून पाहण्याजोगे आहेत. नारा येथे प्रसिद्धीस आलेल्या या वड्यांत काजळी सरसात मळून वाळवितात. लिहिताना वडी दगडावर पाण्याने उगाळतात. तेलाच्या काजळीची ती 'युएनबोकू', पाइनच्या काजळीची 'शोएनबोकू'. दुसरीची छटा निळसर असते. आपल्याकडेही काजळच मुख्य. भेद आहे तो बंधकाचा. गौरीशंकर ओझा यांच्या 'भारतीय प्राचीन लिपिमाला' या ग्रंथात (दुसरी आवृत्ती 1918) शाईचे दोन प्रकार दिले आहेत : लाखेच्या रसात काजळ घोटलेली 'पक्की', व काजळात डिंकासारखी द्रव्ये मिसळलेली 'कच्ची'. पहिली ग्रंथलेखनासाठी, दुसरी वह्याखात्यांसाठी.

हा भेद दप्तराच्या अभ्यासकास उपेक्षिता येत नाही. काजळ उन्हाने विटत नाही, पण डिंक पाण्यात विरघळतो. म्हणजे कच्च्या शाईची अक्षरे शतकानुशतके काळीभोर राहतात आणि एका ओलीने पुसली जातात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेदही पाळीत नाहीत. तेथे एक फराटा पुसला गेल्यास एखादे नाव वा आकडा भलताच वाचला जाण्याचा संभव असतो.

डाळज ज्या इंदापूर तालुक्यात मोडते, तेथेच 1836 मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी मुंबई इलाख्याच्या नव्या जमाबंदीचा पाया घातला. जमिनीचा व शेतसाऱ्याचा हिशेब गावोगावी कुलकर्ण्यांच्या मोडी लेखनात राहत असे. पुढे 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात शेजारचे जुने पळसदेव बुडाले. ज्या मुलखाच्या वाट्यास एवढे पाणी आले, तेथील जुने कागद हाती घेताना पुसट अक्षराचा दोष लेखकाच्या माथी मारण्यापूर्वी शाई कोणती हे पाहणे हे पाठनिश्चितीचे पहिले पाऊल होय.