रुग्णवाहिका कुणी घडवली, निधी कुणाच्या हाती?

अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये पूर्वी आजाऱ्याला पोलिसांच्या गाडीत घालून, उपचाराविना नेत. १९६७ साली तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत 'फ्रीडम हाऊस' सेवा उभी राहिली. डॉ. पीटर साफर यांच्या प्रशिक्षणातून तयार झालेले बेरोजगार कृष्णवर्णीय तरुण रुग्णवाहिकेतच उपचार करून जीव वाचवू लागले. १९७५ मध्ये महापालिकेने करार संपवून स्वतःची सेवा सुरू केली आणि याच तरुणांना बाजूला सारले.

आज गरिबांच्या 'मेडिकेड' या सरकारी आरोग्य विम्यातून रुग्णवाहिकांना पूरक निधी मिळतो. कॅलिफोर्नियाच्या २०११ च्या कायद्याने तो सरकारी सेवांसाठीच ठेवला. सार्वजनिक पैसा सार्वजनिक सेवेला मिळावा, हे आम्हाला मान्यच आहे. पण सेवा सरकारी झाली म्हणजे ती आपोआप सर्वांची होत नाही, हे पिट्सबर्गने दाखवले. बाबासाहेबांचा प्रतिनिधित्वाचा आग्रह यासाठीच होता. म्हणून आपण निधीसोबत निर्णयातला वाटाही मागू.

जय भीम!