भाकरी कोणाच्या हातची? : मराठी आत्मकथनांतील बालपण आणि दारिद्र्य

मराठी आत्मकथनांच्या चर्चेत 'दारिद्र्य' हा शब्द इतक्या सहजपणे वापरला जातो की, त्याच्या आड दडलेले निरनिराळे सामाजिक संबंध बहुधा नजरेआड होतात. उपासमार, फाटके कपडे, आजारपण, व्यसनी बाप आणि राबणारी आई ही सामग्री अनेक आत्मकथनांत समान आढळते. या समानतेमुळेच एकसुरीपणाचा आक्षेप घेतला गेला. परंतु भूक सर्वत्र सारखी असली तरी भाकरी सर्वत्र सारख्या मार्गाने घरात येत नाही. ती कोणाच्या हातून, कोणत्या हक्काने आणि कोणती किंमत मोजून येते, हा प्रश्न विचारला म्हणजे वरवर सारख्या दिसणाऱ्या बालपणांचे इतिहास वेगळे होतात.

या लेखनाला मराठीत एक जुनी पूर्वपरंपरा आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या 'आत्मवृत्ता'त (१९१५) मुरुडहून साताऱ्यापर्यंत परीक्षेसाठी केलेली पायपीट येते. तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून परीक्षेला बसू दिले गेले नाही, ही हकिगत सुपरिचित आहे. त्या पिढीतील गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत, माधुकरी मागत. दुसऱ्याच्या दारचे अन्न खाऊन शिकणे यात संकोच असे. पण त्यामागे धर्माची मान्यता होती. देणाऱ्याला पुण्य आणि घेणाऱ्याला विद्या, असा तो व्यवहार होता. म्हणून अशा लेखनात दारिद्र्य ही कसोटी ठरते. ती पार केली की माणूस मोठा होतो, आणि मोठेपणी तिच्याकडे कृतज्ञतेने वळून पाहता येते.

दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) या कल्पनेला छेद देते. येथेही दारोदार फिरून भाकरी मागितली जाते, परंतु ती येसकराच्या पाळीची भाकरी आहे. गावकीच्या व्यवस्थेत ती महारांचा हक्क मानली जाई आणि तोच हक्क त्यांच्या हीनत्वाचा पुरावाही असे. सरकारी टपाल, गावाची राखण, मेलेले ढोर ओढणे, मर्तिकाचा सांगावा पोहोचवणे अशा रात्रंदिवसाच्या कामांचा मोबदला धान्याच्या वाट्यात आणि शिळ्या तुकड्यांत मिळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनविषयक विधेयक मांडले, त्यामागे हेच निदान होते. वतन हे उत्पन्नाचे साधन दिसत असले तरी प्रत्यक्षात ते साऱ्या समाजाला वेठीला बांधणारे दावे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. पवारांचा जन्म १९३५ चा. म्हणजे त्यांचे सारे बालपण या कायद्याच्या आधीचे आहे. पुस्तकाच्या नावातील उपरोध या पार्श्वभूमीवर ध्यानात घ्यावा लागतो. बलुतं म्हणजे गावाने दिलेला वाटा, आणि दगडू मारुती पवार या मुलाच्या वाट्याला आलेले आयुष्यही. अकोले तालुक्यातील धामणगाव आणि मुंबईतील कावाखाना यांच्यामध्ये हे बालपण हेलकावते. बापाचे दारूपायी कोसळणे आणि विधवा आईचे राबणे लेखक लपवत नाही. मात्र त्यांचा उगम केवळ घरात शोधत नाही. शिकलेला दया पवार अशिक्षित भूतकाळातल्या दगडूला बोलते करतो, ही निवेदनाची योजनाही त्यातूनच आली आहे. ज्या भाकरीवर वाढलो तिच्याविषयी कृतज्ञ व्हावे की संतप्त, हा पेच एकट्या 'मी'ला पेलणारा नव्हता.

आनंद यादव यांच्या 'झोंबी'त (१९८७) भाकरीचा मार्ग आणखी वेगळा आहे. कागलच्या या कुटुंबाजवळ कसायला जमीन आहे, पण ती खंडाची. मालकाचा वाटा आणि बाजारातील गुळाचा भाव यांच्या कचाट्यात सापडलेला बाप मुलाकडे प्रथम एक राबता हात म्हणून पाहतो. शाळा त्याला चैन वाटते. आई आणि मुलगा गावातील देसाई सरकारांकडे गाऱ्हाणे घेऊन जातात. त्यांच्या दटावणीने बाप शाळेला होकार देतो, पण सकाळी मळ्यातले काम आणि शाळेनंतर गुरे राखणे या अटींवर. येथे बाप हाच घरातील मालक झाला आहे. बालकाचे दुःख उपाशी राहण्याइतकेच आपल्या श्रमावर आपला हक्क नसण्याचे आहे. तरीही त्या बापाला मातीची प्रतिष्ठा आहे, गावात नाव आहे, सरकारांच्या वाड्याची पायरी चढता येते. 'बलुतं'मधल्या बापाला ती पायरी नाही. 'ग्रामीण' आणि 'दलित' या संज्ञांतील सीमारेषा विषयावरून ठरत नाही, ती अशा ठिकाणी दिसते.

नरेंद्र जाधव यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) नाशिक जिल्ह्यातील ओझर गावाशी निगडित आहे. देवळा-चांदवडकडून नाशिकला येणारा रस्ता ज्या ओझरवरून मुंबईकडे जातो, तेच हे गाव. येसकरकीच्या कामावर असताना झालेल्या मारहाणीनंतर दामू जाधव गाव सोडतात आणि मुंबई गाठतात. गावची भाकरी नाकारून मजुरीची भाकरी स्वीकारणे हा या कुटुंबकथेचा निर्णायक क्षण आहे. मुंबईत दारिद्र्य संपत नाही. पण रोजगार पैशांत मिळू लागल्याने बापाला मुलांच्या शिक्षणाचा निर्णय स्वतः घेता येतो. वडिलांनी निवृत्तीनंतर आपल्या बोलीत लिहून काढलेल्या आठवणी हा पुस्तकाचा गाभा आहे. इतरत्र बाप हा लेखनाचा विषय असतो, येथे तो लिहिता झाला आहे. त्यामुळे मुलाच्या नजरेतून बापाचा निवाडा करण्याची जी रीत आत्मकथनांत रूढ झाली होती, तिला मर्यादा पडते.

मात्र घरात आलेली भाकरी घरातही समान वाटली जात नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (पुस्तकरूपाने १९८६) या ठिकाणी महत्त्वाचे ठरते. बाळंतिणीची भूक, कोवळ्या वयात सासरी आलेल्या मुलींचा सासूकडून होणारा छळ, नवऱ्याची मारहाण यांचे वर्णन करताना त्या गावाबरोबर घरालाही जबाबदार धरतात. औदार्यासाठी नावाजलेले त्यांचे वडील आपल्या पत्नीला मात्र घरात कोंडून ठेवत, हे लेखिकेने नमूद केले आहे. मुलग्यांनी लिहिलेल्या आत्मकथनांत आई प्रायः त्यागाची मूर्ती होते. तिचा त्याग कोणी ठरवला, हा प्रश्न मुलीच्या लेखनात उभा राहतो.

आयर्लंडच्या एका प्रसिद्ध आत्मकथनाशी तुलना केल्यास हे सूत्र अधिक स्पष्ट होते. फ्रँक मॅकोर्ट यांच्या 'अँजेलाज ॲशेस'ला (१९९६) पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. लिमरिक शहरातील या बालपणात बाप मजुरी आणि बेकारभत्ता दारूत उडवतो, भावंडे दगावतात आणि आईला धर्मादाय संस्थेच्या दारात उभे राहावे लागते. तेथे भाकरी दानाच्या हातून येते. दान देणारा घेणाऱ्याच्या चारित्र्याची चौकशी करतो, म्हणून त्या मुलाच्या मनात लाज साचते आणि विनोद हे लाजेवरचे उत्तर ठरते. परंतु देणारा आणि घेणारा एकाच धर्माचे आहेत, एकाच चर्चमध्ये गुडघे टेकतात; स्पर्शाची बंदी तेथे नाही. बलुत्यात मात्र भाकरी वरून टाकली जाते. दानातील अपमान व्यक्तीच्या वाट्याला येतो, बलुत्यातील अपमान जन्माबरोबर वारशाने मिळतो. म्हणून मॅकोर्ट यांची कथा देशांतराने सुटू शकते. दगडूला मुंबईतही जात सोडत नाही.

दोन्हीकडे आक्षेपही आले. लिमरिकमधील काही रहिवाशांना आपल्या शहराची बदनामी झाली असे वाटले. 'बलुतं'बाबत समाजातील काही शिक्षितांना आपली लक्तरे वेशीवर टांगली गेली असे वाटले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जो समाज नुकताच अब्रूने उभा राहू पाहतो, त्याला जुन्या भाकरीची आठवण नकोशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती आठवण पुसली गेली तर देणाऱ्याचा हातही इतिहासातून पुसला जातो आणि उरते ते केवळ कुटुंबाचे दुर्दैव.

समीक्षेने सावध राहायचे ते येथेच. 'जिद्दीने गरिबीवर मात' हा साचा कर्व्यांच्या काळापासून मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला आहे, आणि पाठ्यपुस्तके व गौरवसमारंभ त्याच साच्यात प्रत्येक नवे आत्मकथन बसवू पाहतात. त्यामुळे लेखक मोठा ठरतो. पण जी भावंडे शाळेपर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांचे अपयश आळसाच्या खाती जमा होते. वस्तुतः या पुस्तकांतील बालपण एकाच्या यशाची पूर्वकथा म्हणून वाचण्याऐवजी अनेकांच्या उपासाची साक्ष म्हणून वाचले पाहिजे. ही साक्ष तपासताना भूक किती होती याबरोबरच भाकरी कोणाच्या हातात होती, हेही विचारणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.